निंबडोहच्या बेटावरचा आकाशदिवा

रविवारी ऊन कललं की नागपूरच्या कडेच्या बेसाहून निघायचं, उमरेड रोड धरायचा आणि निंबडोह तलावाच्या बांधावर, पाळीवर जाऊन बेटावरचा दिवा लागेपर्यंत बसायचं, हा प्रणालीचा आणि तिच्या आईचा कार्तिकापासूनचा नेम होता. आईची, अनुसयाबाईंची, घडीची खुर्ची आता गाडीच्या डिकीतच राहायची. सोबत डब्यात भाजलेले शेंगदाणे आणि पाण्याची बाटली. दोघी फारसं बोलत नसत. समोर पाणी, पाण्यात मधोमध ते एवढंसं बेट आणि बेटावर झाडांच्या गर्दीत अर्धी बुडालेली दगडी छत्री. भोसल्यांच्या काळात कुणा सरदाराच्या नावाने बांधलेली. सरदाराचं नाव काय, ते आता कुणालाच सांगता येत नव्हतं.

अंधारून आलं की छत्रीशेजारच्या खांबावरचा दिवा आपोआप लागे. पांढरा, स्थिर. त्याची एक लांब रेघ पाण्यावरून पार त्यांच्या पायांशी येऊन थांबे.

"लागला पाहा," आई दर वेळी म्हणे आणि पदर सावरून हात जोडी.

मार्चच्या शेवटच्या रविवारीही तसंच झालं. दिवा लागला आणि थोड्या वेळात त्याच्याभोवती काळे ठिपके भिरभिरायला लागले. उजेडात यायचे, वळायचे, नाहीसे व्हायचे, पुन्हा यायचे.

"आले तुह्या बाबाचे," आई म्हणाली.

वनखात्याची नाव सांभाळणारा धोंडबा पाळीच्या कठड्यावर बसून विडी ओढत होता. तोही म्हणाला, "वागळं लय वाढले ताई औंदा. पह्यले असे दिसत नव्हते. मास्तर असते तं खूश झाले असते."

प्रणालीने मोबाइलवर फोटो काढला. असे कितीतरी फोटो तिच्याकडे जमले होते; सगळे सारखेच, सगळ्यांत पांढरा डाग आणि त्याच्याभोवती काळी फरकाटी. तरी ती दर रविवारी काढायची. बाबांच्या शेवटच्या आजारात तिच्या हातून बरंच काही राहून गेलं होतं. हा एक दिवा तेवढा नीट झाला, असं तिला वाटे.

तिचे वडील मनोहरराव खापेकर जन्मभर ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवत आले. आजोबांपर्यंत उमरेडला घरात माग होता. बाबांनी तो सोडला, पण सूत हातात घेऊन गाठ मारायची सवय काही सोडली नाही. बोलता बोलता ते सुतळीचा तुकडाही पिळत बसत. कॉलेजात मुलं त्यांना मागून 'वाघूळ सर' म्हणत आणि त्यांना ते ठाऊक होतं. निंबडोहचं बेट वटवाघळांसाठी संरक्षित व्हावं म्हणून त्यांनी अर्जांचे कागद घेऊन किती उंबरे झिजवले, याचा हिशोब घरात कुणी ठेवला नव्हता. शेवटी वनखात्याचा हिरवा फलक लागला, त्या दिवशी त्यांनी घरी पेढे आणले. आई म्हणाली होती, "पोरीच्या लग्नाले एवढे आनले नव्हते." तेव्हा प्रणालीच्या घटस्फोटाला वर्ष झालं होतं. तिघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि मग तिघंही हसली.

बेट एवढंसं, की पान खाऊन संपायच्या आत त्याला वळसा घालून व्हायचा. "पण भाडेकरू पाहा किती," बाबा म्हणत. अर्जुनाच्या झाडांच्या शेंड्यांवर उलटी लोंबणारी मोठी फळखाऊ वटवाघळं. छत्रीच्या घुमटात लांब शेपटीची. भिंतींच्या भेगांत थडग्यांची आवड असणारी. झाडाच्या सालीमागे आणि पानांआड मुठीत मावतील अशी पिटुकली. आणि छत्रीखालच्या तळघरात मोठकान्या. यांतल्या बऱ्याच जणांना मराठीत नावच नव्हतं, म्हणून बाबांनीच ती ठेवली होती. "आमच्या उमरेडच्या गल्लीसारखं आहे ते. कोणी कोणाच्या घरात पाय टाकत नाही, पण भांडणं सगळ्यांची सगळ्यांना ऐकू येतात."

त्यांचा जीव मोठकान्यांवर जास्त. उन्हाळा लागला की या जातीच्या माद्या कुठून कुठून येऊन त्या तळघरात जमत, तिथेच पिल्लांना जन्म देत, पिल्लं उडायला लागली की पांगत. दर वर्षी तिथेच. ज्या तिथे जन्मल्या त्याही पुढे तिथेच. बाबा त्या तळघराला माहेर म्हणत. चैत्र आला की आईला सांगत, "निंबडोहला पोरी बाळंतपणाला आल्या. मी पाहून येतो."

"चल एकदा," ते प्रणालीला म्हणत.

"पुढच्या वर्षी नक्की बाबा," ती म्हणे. तिच्या हातात पुस्तक असे. घरातल्या दोन भिंती तिच्या पुस्तकांनी भरल्या होत्या. देशोदेशीच्या लोकांनी आपल्या वडिलांविषयी लिहिलेलं तिने आवडीने वाचलं होतं. तिचे वडील पायात कॅनव्हासचे बूट चढवत दारात थांबत, थोडे घुटमळत, आणि निघून जात.

ते श्रावणात गेले. त्यांच्या गल्लीची रीत अशी, की माणूस गेलं की त्या वर्षीच्या कार्तिकात घरावर उंच बांबू उभारायचा आणि त्याच्या टोकाला आकाशदिवा टांगायचा. गेलेल्याला वाट दिसावी म्हणून. कापड कापून उतरवलं की मागावर ताण्याची जी टोकं उरतात, त्या सुताची वात करायची. आजोबांसाठी बाबांनी स्वतः वळली होती. त्या सुताची एक गुंडी आईने इतकी वर्षं देवघराच्या खणात जपून ठेवली होती.

पण बेसाच्या अपार्टमेंटच्या गच्चीवर बांबू लावायला सोसायटीचे सचिव तयार होईनात. "मॅडम, पडला तर खाली गाड्या आहेत. बाल्कनीत सिरीज लावा ना, दिवाळीच आहे."

आई दोन दिवस धड जेवली नाही. तेव्हा प्रणालीला ती कल्पना सुचली. बाबांचं आयुष्य जिथे गेलं, तिथेच दिवा लावायचा. तेलाचा लावायला रोज कोण जाणार, म्हणून सौरऊर्जेचा. खांबाला पितळी पाटी. सदरमधल्या आपल्या ऑफिसातून रजा काढून ती वनखात्याकडे परवानगी मागायला गेली. तिथल्या साहेबांनी फार विचारलं नाही. मासे चोरणाऱ्यांचा त्रास होताच. उजेड झाला तर बरंच, म्हणाले. कार्तिक पौर्णिमेला दिवा काढायचा ठरलं होतं. पण आई म्हणाली, "राहू दे वं. वर्षश्राद्ध होईपर्यंत राहू दे." प्रणालीलाही तेच हवं होतं.

एप्रिल लागला तसा चिन्मयीचा फोन आला. चिन्मयी बाबांची विद्यार्थिनी. त्यांच्याच नादाने पुढे शिकली आणि वटवाघळांवरच काम करायला लागली. गेलं वर्षभर ती आसामात होती. "प्रणालीताई, उन्हाळ्याची पाहणी करायला येतेय. सरांच्या वेळची चुकवायची नाही. तुम्ही याल? एकटीने तळघरात उतरायला कसंतरी होईल."

प्रणाली "येते" म्हणाली. पुढच्या वर्षी म्हणायला आता कुणी उरलं नव्हतं.

नाव बेटाजवळ आली तसा चिन्मयीच्या नजरेला खांब पडला. "हे काय आहे?"

"दिवा. बाबांसाठी. आम्ही लावला."

चिन्मयीने काठावर उतरून पाटी वाचली. एक हात खांबावर ठेवून ती वर बघत राहिली. "अक्षरं सुरेख आहेत," एवढंच म्हणाली.

तळघराच्या पायऱ्या छत्रीच्या पूर्वेला. तिथे पोचल्यावर चिन्मयी थांबली. "लगेच उतरायचं नाही. सर आधी वास घ्यायचे. उग्र वास आला की समजायचं, पाहुण्या आल्या."

दोघी उभ्या राहिल्या. गार दगडाचा वास येत होता. आणि धुळीचा.

चिन्मयीने टॉर्च लावला. त्याच्या काचेवर लाल कागद बांधला होता. त्या मंद, तांबूस उजेडात त्या खाली उतरल्या. तळघर प्रणालीला वाटलं होतं त्याहून लहान होतं. त्यांच्या बेसाच्या हॉलएवढं. छताला एका जागी दगड काळा, तुळतुळीत झाला होता. पिढ्यान् पिढ्यांच्या नखांनी आणि अंगाच्या तेलाने, चिन्मयी म्हणाली. खाली फरशीवर जुन्या लेंड्यांचा भुगा, किड्यांचे पंख, बेडकांच्या वाळलेल्या तंगड्या. मोठकानी शिकार इथे आणून खाते आणि नको ते खाली टाकते. चिन्मयीने वाकून एक तंगडी उचलली. ती बोटांतच मोडली.

"जुनं आहे सगळं," ती म्हणाली. "या वर्षी आल्याच नाहीत."

"उशीर झाला असेल."

"असेल." मग, "ताई, दिवा कधीपासून आहे?"

"कार्तिकापासून."

चिन्मयीने टॉर्च पायऱ्यांकडे वळवला. त्या वर आल्या तोवर सूर्य पाळीमागे गेला होता. धोंडबा नावेत पाय पसरून बसला होता. चिन्मयीने पिशवीतून एक लहान यंत्र काढलं. वटवाघळांचे आवाज माणसाच्या कानाला ऐकू येत नाहीत, ते या यंत्रातून टकटक होऊन ऐकू येतात. बाबांकडेही असलं एक होतं. ते घरी कपाटात पडून होतं.

दिवा लागला.

प्रणालीने तो आजवर लांबूनच पाहिला होता. पाळीवरून तो चांदणीसारखा दिसायचा. इथे उभं राहिल्यावर कळलं, की तो किती प्रखर आहे. छत्रीची पूर्वेकडची बाजू धुतल्यासारखी पांढरी झाली होती, आणि त्याचा झोत नेमका तळघराच्या तोंडावर, पहिल्या चारपाच पायऱ्यांवर पडत होता. जागा तिनेच दाखवली होती. तिथे जमीन सपाट होती.

मग ते ठिपके आले. यंत्र टकटकायला लागलं, पत्र्यावर पाऊस पडावा तसं.

"बघ किती आहेत," प्रणाली म्हणाली. आपला आवाज गयावया केल्यासारखा येतोय, हे तिला ऐकू आलं.

"आहेत ना." चिन्मयीने यंत्र तिच्या कानाजवळ धरलं. "सगळा एकच आवाज आहे पण. ऐका. ही सगळी पिटुकली. दिव्यावर किडे येतात, किड्यांवर ही. नागपुरात कुठल्याही रस्त्याच्या दिव्याखाली बघा, हीच दिसतील. त्यांना उजेडाचं भय नाही."

"आणि बाकीची?"

"अर्जुनावरची मोठी आहेत, ती मघाशी पाहिली आपण. घुमटातली थोडी उरलीत, मागच्या बाजूने बाहेर पडून राहिलीत. भेगांतली दिसली नाहीत. मोठकान्या..." ती पायऱ्यांकडे बघत राहिली. "त्या उजेडातून बाहेर निघत नाहीत, ताई. घुबड टपलेलं असतं ना. दार उजेडात असलं तर आत बसून राहतात. उपाशी राहतात. काही दिवस वाट बघतात, मग जागा सोडतात. पोटुशी मादी तर तिकडे फिरकायचीही नाही."

"कुणी मला सांगितलं का नाही?"

हा प्रश्न चिन्मयीला नव्हता. तिच्या हातातला लाल कागदाचा टॉर्च विझलेला होता. तो बघून प्रणालीला घरातला टॉर्च आठवला. बाबांचाही तसाच होता. काचेवर लाल जिलेटिन, त्यावर सुताची पक्की गाठ. मार्गशीर्षात एकदा वीज गेली तेव्हा तिने तो शोधून काढला, उजेड फारच मिणमिणता पडतो म्हणून गाठ कात्रीने कापली, कागद काढला आणि केराच्या डब्यात टाकला. लहानपणापासून तो लाल कागद ती बघत होती. तो कशाला, हे तिने कधी विचारलं नव्हतं.

"आता काढला तर येतील?"

"माहीत नाही. बाळंतपणं अजून व्हायचीत. लवकर काढला तर एखाद वेळी... खोटं आश्वासन देत नाही मी. त्या आता कुठे असतील तेही ठाऊक नाही. पण उशीर करून चालणार नाही."

परतताना धोंडबा वल्हं मारत म्हणाला, "म्हंजे मी जे वाढले म्हनत होतो, थे वेगळेच होय?"

"वेगळेच," चिन्मयी म्हणाली.

"मले तं सगळे एकसारखेच दिसते गड्या," तो पुटपुटला. थोड्या वेळाने, जणू स्वतःलाच, "मास्तर उजेड नाई आनू देत होते, थे खरं. मले विडीही तिकडं पेटवू देत नव्हते."

"मग तुम्ही दिवा लावताना बोलला नाहीत, काका?"

"मास्तरचाच दिवा. त्याईले कोन नाई म्हनन?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आई गच्चीवर प्लास्टिकच्या कागदावर मुगाच्या वड्या घालत होती. प्रणाली शेजारी उकिडवी बसली आणि तिनेही डाळीच्या वाटणात बोटं बुडवली. तिच्या वड्या आईच्या वड्यांपेक्षा मोठ्या पडत होत्या.

"लहान घाल वं. वाळतीन कशा?"

प्रणालीने सांगितलं. सगळं सांगितलं, वास नव्हता तेही, तंगडी मोडली तेही. आईचा हात थांबला नाही. एक ओळ पूर्ण झाली, दुसरी सुरू झाली.

"त्याईले लाइट नको होती," शेवटी आई म्हणाली. "मले सांगत होते ना. पाळीवर हॉटेलवाला मोठे बल्ब लावून राह्यला होता तवा भांडायला गेले होते. अंगात ताप असताना."

प्रणालीने मान वर केली. "तुला ठाऊक होतं?"

"ठाऊक होतं."

"मग बोलली काहून नाहीस, आई?"

"हा लाइट थोडीच होय? हा दिवा होय." आईने असं बघितलं की जणू प्रणालीच काहीतरी विसरली होती. "मेलेल्या मानसाचा दिवा कोनाले काय करते? त्याच्यानं कोनाचं वाईट होते का? मले वाटलं, त्याचाच दिवा, त्याचीच पाखरं." तिचा हात आता थांबला. "तू तं एवढी शिकली. तुले नाई सांगतलं त्याईनं?"

"मी विचारलंच नाही."

खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. ती होत नव्हती. आईने बोटांना लागलेलं वाटण भांड्याच्या काठाला निपटलं.

"वर्षाच्या आत दिवा काढला तं त्याईले वाट कशी दिसन?"

प्रणाली अशा गोष्टी मानत नव्हती. आणि तरी कार्तिकापासून दर रविवारी त्या उजेडाची रेघ पायांशी आली की तिला वाटे, कुणीतरी बघतंय. तिने मानत नसल्याचं सांगितलं नाही. ती म्हणाली, "तिथे त्यांना वाट दिसायला उजेड कधी लागला, आई? इतकी वर्षं अंधारातच तर जायचे."

आईने प्रणालीची एक वडी बोटाने चेपून पाहिली. "तुह्या वड्या वाळत नाई," ती म्हणाली. मग, "आजच जायचं असन तं चाल. पन मी येतो. नावेत बसतो मी."

अनुसयाबाई इतक्या वर्षांत कधी नावेत बसल्या नव्हत्या. धोंडबाने हात दिला तो त्यांनी घेतला नाही. चपला हातात घेऊन त्या स्वतः चढल्या आणि बेट येईपर्यंत डोळे मिटून बसल्या. चिन्मयी आधीच काठावर थांबली होती.

दिव्याला बटण नव्हतं. अंधार पडला की तो आपला आपण लागणार. तशीच त्याची रचना. धोंडबाने आणलेला पाना बोल्टला लागेना, म्हणून तो दुसरा आणायला पाळीवर परत गेला. ऊन उतरत चाललं होतं. तोवर काय करायचं म्हणून आईने पिशवीतून बाबांचं जुनं उपरणं काढलं. आजोबांच्या मागावरचं, किनार विटलेलं. "हे घाल त्याच्यावर. आज लागायलाच नको."

प्रणाली दगडावर चढली आणि वरच्या, ऊन साठवणाऱ्या काळ्या काचेच्या तावदानावर तिने ते उपरणं नीट पसरून बांधलं. आणि भर उजेडात दिवा लागला.

तिघीही त्याच्याकडे बघत राहिल्या.

"त्याला वाटलं रात्र झाली," चिन्मयी म्हणाली.

"हट्टी मेला," आई म्हणाली. "ज्याच्या नावाचा, त्याच्यासारखाच." आणि तिला हसू आलं, हसता हसता ती खाली पायरीवर बसली, आणि मग ती हसत नव्हती. प्रणाली दगडावरून उतरून तिच्याजवळ बसली. वर उपरण्याखाली दिवा जळत होता, आणि ऊन इतकं होतं की तो जळतो की नाही हे नीट बघितल्याशिवाय कळत नव्हतं.

शेवटी धोंडबाचा पाना लागला. बोल्ट गंजले नव्हते, सहज निघाले. खांब आडवा करून नावेत ठेवला. पाटी आईने मांडीवर घेतली. संध्याकाळी घरी आल्यावर तिने देवघराच्या खणातली गुंडी काढली, आजोबांच्या मागावरच्या ताण्याची दोन टोकं तोडून मांडीवर वळली, आणि समईत घातली. दार लोटून घेतलं.

चिन्मयी एप्रिलभर येत राहिली, मेमध्येही आली. प्रणाली प्रत्येक वेळी तिच्याबरोबर गेली. पिटुकली पांगली, त्यांना शहरात दिवे खूप. घुमटातली लांब शेपटीची पुन्हा पुढच्या कमानीतून निघू लागली. एकदा भेगेतून काहीतरी सरकलं आणि चिन्मयीने प्रणालीचं मनगट घट्ट धरलं. तळघराच्या पहिल्या पायरीवर दोघी दर वेळी थांबल्या आणि वास घेतला. दगड. धूळ.

मेच्या शेवटी चिन्मयी म्हणाली, "या वर्षीचं झालं, ताई. जिथे कुठे व्हायची तिथे बाळंतपणं झाली असतील."

"झाली असतील ना?"

"झाली असतील," चिन्मयी म्हणाली. पण एखाद्या उघड्या विहिरीच्या कपारीत, एखाद्या पडक्या गोडाऊनमध्ये, जिथे पिल्लू खाली पडलं तर कुत्री असतात, तिथे किती वाचली असतील, हे तिने सांगितलं नाही. प्रणालीने विचारलं. आता ती विचारत होती. तेव्हा चिन्मयीने सांगितलं.

पुढच्या वर्षी येतील का, हेही विचारलं. येऊ शकतील, चिन्मयी म्हणाली, ज्या आपल्या आयांबरोबर इथे येऊन गेल्या आहेत, त्यांना जागा आठवते. पण या वर्षी जन्मलेल्यांनी हे तळघर पाहिलेलंच नाही. त्यांचं माहेर आता दुसरीकडे.

श्रावणात वर्षश्राद्ध झालं. उमरेडहून काका-काकू येऊन गेले. काकांनी विचारलं, बेटावरचा दिवा काहून काढला, तेव्हा आईनेच उत्तर दिलं, "त्याईले पाह्यजे नव्हता."

त्या रविवारी मायलेकी पाळीवर आल्या. पाऊस उघडला होता. बेडकांनी तलाव डोक्यावर घेतला होता. आईने खुर्ची उघडली आणि सवयीने समोर बघितलं. बेट काळं होतं. थोड्या वेळाने पाणी आणि बेट वेगळं दिसेनासं झालं.

"काही दिसत नाही," आई म्हणाली.

"नाही दिसत."

धोंडबा विडी न पेटवता बोटांत फिरवत आला. "ताई, येक सांगू? काल गवत कापायले गेलतो. त्या पायऱ्यायवर बेडकाची तंगडी पडली होती. ओली होती. आता मले त्यातलं समजत नाई."

प्रणाली उठून उभी राहिली. "आत गेलात?"

"नाई. मास्तर पावसाळ्यात कोनाले जाऊ देत नव्हते."

ती चिन्मयीला फोन लावायला गेली आणि थांबली. एक असेल. एखादा नर असेल, पावसात वाट चुकून निवाऱ्याला आलेला, बेडूक खाऊन निघून गेलेला. एका तंगडीवरून काय ठरवायचं? पण नाव समोर होती. अर्ध्या तासात जाऊन येता आलं असतं. पर्समध्ये बाबांचा टॉर्च होता. त्यावर तिने नवा लाल कागद बांधला होता, गाठ बाबांसारखी जमली नव्हती. एकदाच उतरायचं, छताच्या त्या काळ्या डागाकडे एकदाच टॉर्च धरायचा, तो रिकामा आहे की नाही ते बघायचं. एप्रिलपासून तिला दुसरं काही नको होतं.

"जाऊन येतं का?" आईने विचारलं.

प्रणालीने बघितलं तिकडे फक्त अंधार होता. त्यात कुणी असलंच तर त्याला ती यायला नकोच होती. लाल कागद लावूनही नको होती. बाबा दारात कॅनव्हासचे बूट चढवत थांबायचे, तेव्हा जायचं होतं. ते राहिलं.

"नाही," ती म्हणाली आणि आईशेजारी ओल्या कठड्यावर बसली. आईने शेंगदाण्यांचा डबा तिच्यापुढे केला. धोंडबाने विडी परत कानावर अडकवली. तिघं तशीच बसली, बेडूक ओरडत राहिले, आणि बेटाकडे कुणीच बोट दाखवलं नाही.